मुलाचं म्हणणं

१४ जुलै

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही, आणि मला काही मागायचंही नाही. म्हणजे मागायचं आहे, पण कागदावरच्या दोन-चार ओळी. तेवढ्यासाठी तरी पुढे वाच.

मी पुन्हा शाळेत जाते. हस हवं तर. मास्तरीण व्हायला जाते, सहावी ते आठवीच्या गणिताची. अध्यापक विद्यालयात यंदा मोठ्या वयाच्यांसाठी थोड्या जागा ठेवल्या होत्या, त्यातली एक माझ्या पदरात पडली. गणवेशांचा कारखाना बंद पडल्यावर घरात भिंतींशी बोलत बसले होते. बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली पदवी ट्रंकेच्या तळाशी होती. म्हटलं, चला, उन्हं तरी दाखवू तिला.

पहिल्या दिवशी शिपायाने मला फाटकातच अडवलं. "आजी, पालकांनी बाहेरच थांबायचं."

म्हटलं, "बाबा रे, पालक नाही मी. विद्यार्थिनी आहे."

रजिस्टरात नाव सापडेपर्यंत उभं ठेवलंन मला. आता रोज खुर्चीतून उठून नमस्कार करतो, तेही नको वाटतं.

बाकावर माझ्या शेजारी एक तेवीस वर्षांची पोर बसते. पाच मिनिटं एका जागी बूड टेकवत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडम तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. म्हणजे मी कारखान्यात कात्री धरली, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. पण बाई हुशार. वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहितात.

आता कामाचं. आम्हाला एक फाईल करायची आहे, तिला चूक-वाचन म्हणतात. एका मुलाचा चुकलेला पेपर घ्यायचा आणि तो नुसता तपासायचा नाही, वाचायचा. चार रकाने आहेत. मुलाने काय लिहिलं, काय हवं होतं, चूक का झाली असं आपल्याला वाटतं, आणि चौथा, मुलाचं म्हणणं. तो मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि खाली सही करायची.

घरात तुझा पाचवीचा पेपर होता, निवड परीक्षेचा. सरावाच्या शाळेत मुलं आमच्या वाट्याला कमी आली, म्हटलं हा आयताच आहे. म्हणून रकान्यांचा कागद सोबत पाठवते आहे. चौथ्या रकान्यात आठवेल ते लिही. तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, फार आठवत नसेल, पण एक ओळही चालेल.

सप्टेंबरअखेर फाईल द्यायची आहे. ती पुरी झाली तरच शेवटचा पाठ घेता येतो, आणि पाठ झाला तर जानेवारीत नेमणूक. पुढच्या खेपेला मी नसेन. चौपन्न पूर्ण झाल्यावर नेमणूक देत नाहीत, आणि मला मार्चमध्ये होतात. म्हणून घाई.

तू, तुझी बायको, लेक, सगळी बरी असाल. क्रेनवर चढताना जपून.

तुझी
ताई

ता.क. वर 'धाकट्या' लिहिण्याआधी दुसरंच नाव लिहिलं होतं, सवयीने. ते कागदासकट फाडलं.


२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. टपालाला आठ दिवस लागतात, तुला सुट्टी कधी मिळते कोण जाणे, असं मी स्वतःला समजावते. रोज दुपारी पेटीत हात घालते. काल विजेचं बिल हाताला लागलं, तर त्यालाही क्षणभर तुझं पत्र समजले.

इथलं सांगते. परवा मॅडमनी प्रत्येकाला पुढे बोलावून आपापला पेपर वाचायला लावला. माझी पाळी आली. पट्टीचे ते सहा प्रश्न मी फळ्यावर लिहिले. चित्रात पट्टी आहे, तिच्यावर पेन्सिल ठेवली आहे, लांबी सांगा. पेन्सिल सात, तू लिहिलंस सहा. किल्ली पाच, तू लिहिलंस चार. फीत बारा, तू अकरा. सहाच्या सहा उत्तरं एकाने कमी. बाकीचा पेपर स्वच्छ. भागाकार, अपूर्णांक, एकही खोट नाही.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "बघा," म्हणाल्या, "या मुलाने सहा चुका केलेल्याच नाहीत. त्याने एक नियम सहा वेळा इमानाने पाळलाय. शेवटी एक वजा करायचा. आता प्रश्न असा, की हा नियम त्याला कुणी दिला?"

मागून कुणी म्हणालं, त्याने शून्यापासून मोजलं नसेल. कुणी म्हणालं, रेघांऐवजी मधली घरं मोजली असतील. भिंगरी तोंड दाबून म्हणाली, "कुणी का दिला असेना, त्याची शिकवणी घेणारा ठार वेडा होता."

वर्ग हसला. मीही हसले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या ओळखीचा आहे का हा मुलगा?"

म्हटलं, "शेजारचा."

घरी येऊन ट्रंक उपसली. माझी जुनी मोजायची टेप तळाशी सापडली. तुला आठवत असेल ती. कारखान्यातल्या मास्तरने टाकून दिलेली, पुढचा पहिला इंच झिजून तुटून गेलेला. फीत सुरूच व्हायची ती एकच्या खुणेपासून. आपल्या घरात तेव्हा दुसरं मोजायचं साधन नव्हतं, आणि तुझ्या शाळेत पट्टी एकच, तीही गुरुजींच्या हातात. मी तुला त्याच टेपवर लांबी शिकवली. कापडाचा काठ एकवर धरायचा, शेवटचा आकडा वाचायचा आणि त्यातून एक काढायचा. तू शहाण्यासारखा काढायचास. टेपवर ते बरोबरच होतं. परीक्षेच्या पेपरात पट्टी धड होती, शून्यापासून सुरू होणारी, आणि तू तिथंही काढलास.

एवढं मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे. चूक मुलाची नसून साधनाची. बघ, एवढ्या वर्षांनी उलगडा झाला. मला कळल्याबरोबर तुला कळवावंसं वाटलं.

कागद हरवला असेल तर दुसरा सोबत ठेवते आहे.

ताई


२६ ऑगस्ट

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उलगडा आत्ता झाला नाही.

आणि त्याच्या आधीच्या पत्रातही. सरावाच्या शाळेत मुलं कमी नाहीत, बेचाळीस आहेत एका वर्गात, त्यातली निम्मी रोज मला चुका आणून देतात. मॅडम म्हणाल्या 'एका मुलाचा पेपर आणा' आणि माझा हात सरळ ट्रंकेकडे गेला. फाईल हे निमित्त आहे. आठ वर्षांत तुला पत्र टाकायला मला दुसरं निमित्त सापडलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं. तू विसरला असशील तर चांगलंच आहे, पण मला सांगू दे.

पेपर पालकांची सही घ्यायला घरी आला होता. शाळेतून दोघांनाच मोठ्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवणार होते, आणि तुझी जागा पाच गुणांनी गेली. पट्टीचे प्रश्न बारा गुणांचे. बाबा नुकतेच गोदामातून आले होते, हातपायही धुतले नव्हते. त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. "पट्टीवरचा आकडा बघून लिहायचा होता. आंधळ्यालाही आला असता. काय शिकवलंस त्याला वर्षभर?"

तू माझ्याकडे बघितलंस. तक्रार नव्हती त्यात. तुला वाटलं होतं की ताई आता समजावून सांगेल. तू म्हणालास, "ताईने सांगितलंय, शेवटी एक काढायचा."

त्याच क्षणी मला कळलं. तीस वर्षांनी नाही, मॅडमनी सांगितल्यावर नाही. तिथंच, उभ्या उभ्या. टेप तेव्हा माझ्या गळ्यातच होती, रे. मी ती ओढून मुठीत गोळा केली आणि दुसऱ्या हाताने तुझ्या थोबाडीत मारली. म्हटलं, "स्वतः धांदरटपणा करतोस आणि माझ्यावर ढकलतोस? खोटारडा."

तू रडला नाहीस. टेप गेलेल्या मुठीकडे बघत राहिलास.

का केलं ते सांगते, सुटका म्हणून नाही. आई गेल्यापासून तू माझ्या कडेवर होतास. पेपर घरी आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि तीन आठवड्यांवर माझी बाहेरून द्यायची शालान्त परीक्षा होती. बाबांनी पुस्तकं उघडू दिली होती ती एका अटीवर. पोराला शिकव, त्याचं भलं झालं तर तू बस परीक्षेला, नाहीतर मी स्थळ बघतो. माझ्या शिकवण्यात खोट निघाली असती तर पुस्तकं त्याच दिवशी बंबात गेली असती. मला तेवढंच दिसलं. तुझं वसतिगृह गेलं ते दिसलंच नाही.

आणि थोबाडीत मारून भागलं असतं तरी ठीक. बाबांचा राग उतरेना, म्हणून मी थट्टा केली. म्हटलं, "सहाही उत्तरं एक कमी! बाबा, हा आपला एककम्या." बाबा हसले. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत पोरं तुला तेच म्हणू लागली, आठवड्याने शाळेत. ते नाव मी ठेवलं. बाबांनी नाही, काकांनी नाही. मी.

तू आठवीत शाळा सोडलीस. सतरा वर्षांचा झालास आणि घर सोडलंस. मी परीक्षा पास झाले.

आठ वर्षांपूर्वी बाबांच्या दहाव्याला तू आलास, बायको आणि लेकीला घेऊन. काकांनी चारचौघांत हाक मारली, "काय रे एककम्या, ओळखलंस का?" तुझी लेक तुझ्या तोंडाकडे बघत होती. सगळे हसले, आणि त्यात माझाही आवाज होता. तू पाण्याचा पेला खाली ठेवलास, लेकीला उचललंस आणि तिन्हीसांजेची गाडी पकडलीस. लोक म्हणाले, बापाच्या दहाव्याला रुसून गेला, काय माणूस आहे. मी त्यांना काही म्हणाले नाही. तेही माझ्याकडेच जमा धर.

आता तो रकाना भर असं म्हणायला तोंड उरलं नाही. तरी म्हणते. मला शिव्या लिहिल्यास तरी ते तुझं म्हणणं होईल. कुणी विचारलं नव्हतं तुला ते. मी आत्ता विचारते आहे.

ताई


१९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या बायकोचं पोस्टकार्ड आणि कागद, दोन्ही काल पोचलं. तिचं अक्षर गोल आणि सरळ आहे. लिहिते, "वन्सं, तुमची तिन्ही पत्रं मिळाली. त्यांनी वाचली. ते म्हणतात, त्यांना त्यातलं काही आठवत नाही. कागद परत पाठवते आहे. मुलगी आता अकरावीत आहे. तब्येतीला जपा."

पाच-सहा वेळा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तुला आठवत नाही, असं खरंच असेल तर देव पावला म्हणायचं. माणूस इतकं वाहून टाकू शकतो, याचा मला हेवाही वाटेल. आणि आठवत असून तू नाही म्हणाला असशील तर तेही मला समजतं. कुठलं खरं, हे विचारायला मी पुन्हा पत्र लिहिणार होते. लिहिलं, आणि फाडलं. तुझं उत्तर आलं आहे. ते मला हवं तसं नाही म्हणून मी ते परत तुझ्याकडे तपासायला पाठवणार नाही.

कागद मात्र खिडकीत धरून बघितला. चौथ्या रकान्यात, अगदी सुरुवातीला, एक निळा ठिपका आहे. पेन टेकवून उचलल्यासारखा. तुझा आहे, तुझ्या बायकोचा आहे, की पोस्टात कुठे लागला, देव जाणे.

भिंगरीला आज जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. 'शेजारचा मुलगा' खोटं होतं, हेही. ती पोर पहिल्यांदाच दहा मिनिटं एका जागी बसली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही भोळ्या आहात. अहो, मी तर माझ्या मुलाचं म्हणणं बसमध्ये बसून लिहिलं. सहीपण डाव्या हाताने ठोकली. कोण बघतंय? एक वाक्य लिहा की. नाहीतर जानेवारी हातची जाईल तुमची."

"काय लिहू?"

"तुम्हाला ठाऊक आहे ना तो काय म्हणाला होता. तेच लिहा. खोटं थोडंच आहे?"

खोटं नाही. शब्दन् शब्द खरा आहे. 'ताईने सांगितलंय, शेवटी एक काढायचा.' एकतीस वर्षं कानात आहे. अक्षरही मला जमेल, तुला लिहायला मीच शिकवलं होतं.

फाईल अजून दिलेली नाही. अकरा दिवस आहेत.

ताई


७ ऑक्टोबर

धाकट्या,

फाईल दिली.

मॅडमच्या खोलीत एक कपाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. दुसऱ्या खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा असतो, म्हणून आम्ही उभ्यानेच बोलतो. त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या रकान्याशी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "चौथा कोरा आहे."

म्हटलं, "हो."

"मुलगा भेटला नाही?"

"पत्राने विचारलं. आठवत नाही म्हणतो."

"एवढ्यात कसा विसरेल? किती वर्षांचा आहे?"

"एक्केचाळीस."

मग सगळं सांगितलं. शेजारचा नाही, माझा भाऊ. नियम देणारी ती ठार वेडी बाई मीच. थोबाडीत मारलं तेही सांगितलं आणि नावाचंही. बोलताना मी कपाटाच्या कुलपाकडे बघत होते. त्यांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि मला बसवलं.

मग म्हणाल्या, "तिसरा रकाना तुम्ही लिहिलाय तसा माझ्याकडे आजवर कुणी लिहिलेला नाही. आणि बाकीच्यांचे चौथे रकाने कुठून येतात, ते मला कळत नाही असं समजू नका. तो त्या दिवशी काय बोलला ते तुम्हाला आठवतंय ना? तेवढं लिहा. सहीचं मी बघते."

बाई जिवाभावाने बोलत होती, रे. पेनही त्यांनीच पुढे केलं. मी ते घेतलं. टोपण काढलं. जानेवारी दिसली मला, खोटं कशाला बोलू. वर्ग दिसला, फळा दिसला, हजेरीचं रजिस्टर दिसलं. मग टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

म्हटलं, "दहा वर्षांचा मुलगा काय म्हणाला ते मला पाठ आहे. तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं. आता माझ्या नोकरीला उपयोगी पडतंय म्हणून तेच खरं म्हणून लिहू? या माणसाने नाही दिलं मला ते. त्याच्या तोंडचं एकदा काढून घेतलं तेवढं पुरे."

"मग या खेपेला शेवटचा पाठ देता येणार नाही मला. पुढच्या खेपेला दुसरं मूल घ्या. प्रमाणपत्र मिळेल. पण नेमणूक..."

"ठाऊक आहे. मार्च."

त्यांनी फाईलवर 'अपूर्ण' असं लिहिलं. लाल नाही, साध्या पेन्सिलीने. एवढी मेहेरबानी का केली कोण जाणे, पेन्सिलीने लिहिलेलंही अपूर्णच असतं. बाहेर भिंगरी उभी होती. "झालं ना काम?" म्हणाली. मी मान हलवली, तशी तिला कळलं. मग नळाकडे जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली वेडी.

वाईट वाटतं का? वाटतं. काल पोळपाटाशी बसले आणि लाटता लाटता हात थांबले, तवा जळून काळा झाला. चार पत्रांत तुला सांगितलं त्यातलं एकही माझ्याच्याने हलकं झालेलं नाही. सांगितलं की ओझं उतरतं म्हणतात, ते कुणी सांगितलं त्यालाच माहीत. पण हे तुला उत्तरासाठी लिहीत नाही. यापुढे तुझ्या दारात टपाल टाकणार नाही. तुला हवं असलं तर पत्ता तोच आहे.

सरावाचे तास महिनाअखेरपर्यंत घ्या म्हणाल्या, म्हणून जाते. आज सहावीत एक मुलगी फळ्यापाशी आली. तिसऱ्या बाकावरची, वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढलेल्या. दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज. तिने तीन सप्तमांश लिहिलं. वरचे वर, खालचे खाली. वर्ग हसायला लागला, त्यांना मी हात वर करून गप्प केलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. कारणही होतं, ते तर कुणालाही दिसेल. मी खडू ठेवून दिला आणि तिला विचारलं, "हे तू कसं केलंस, ते मला सांगशील?"

ती फळ्याकडे बघत राहिली. मी खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिले. तिने एक बोट तीनवर ठेवलं, मग सातवर, मग काढून घेतलं. मागे कुणाची तरी बाटली पडली. माझ्या गुडघ्यात कळ आली तरी मी जागची हलले नाही. तिचे ओठ दोनदा उघडले.

घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून पळाली, ती तशीच उभी होती.

"उद्या सांग," म्हटलं. "मी पुसत नाही."

ताई